घड्याळ मागे नेताना

सर्व्हरला वेळ कोण सांगतं, हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी विचारला नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झचं घड्याळ असतं. मशीन चालू होताना लिनक्स त्याच्याकडून वेळ घेतं आणि पुढे आपलं आपण मोजत राहतं. तापमानासोबत हे मोजणं किंचित पुढेमागे होतं. घरातलं घड्याळ लोकलसाठी आपण मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवतो. तिथं ते खपतं.

एका कामात लॉगमध्ये मंजुरी आधी आणि मागणी नंतर दिसत होती. रात्रपाळीच्या ऑपरेटरनं परस्पर मंजुरी दिली, असं मीटिंगमध्ये ठरतही आलं होतं. मी दोन्ही मशीनवर वेळ पाहिली. मागणी नोंदवणारं मशीन ४७ सेकंद पुढे होतं. त्यावर क्रोनी चालू होतं, पण फायरवॉलनं यूडीपीचं १२३ नंबरचं पोर्ट अडवलेलं, त्यामुळे बिचाऱ्याला वेळ विचारायला कुणीच नव्हतं. ऑपरेटरची माफी कुणी मागितली नाही. मेलमध्ये ‘तांत्रिक अडचण’ एवढंच आलं.

पोर्ट उघडलं की झालं, असं वाटतं. पण क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये बहुतेकदा ‘मेकस्टेप १.० ३’ ही ओळ असते: पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक सेकंदाहून मोठा दिसला तर थेट उडी मार. नुकत्याच चालू झालेल्या मशीनला ते ठीक. चालत्या डेटाबेसखाली घड्याळ ४७ सेकंद मागे गेलं, तर तेच सेकंद लॉगमध्ये दोनदा येणार, आणि मग कुणावरही काहीही सिद्ध करता येईल. म्हणून आधी ती ओळ काढली, क्रोनी रीस्टार्ट केलं, मग पोर्ट उघडलं. आता क्रोनी घड्याळ फक्त संथ चालवतं, मागे नेत नाही. जेवून येईपर्यंत फरक मिलिसेकंदांवर आला होता.

डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडलेल्या एनटीपीत मला आवडतो तो त्यातला अंदाज: निरोप जायला आणि यायला सारखाच वेळ लागला, असं धरून हिशेब होतो. रस्ता एकाच बाजूनं तुंबला की तो चुकतो. म्हणून एकाच सर्व्हरवर विसंबू नये, निदान चार तरी ठेवावेत. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या आदेशानं भारतात एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून घेणं बंधनकारक झालं आहे. तेव्हा स्रोत निवडताना तेही बघावं लागतं.

आता फरक शंभर मिलिसेकंदांपलीकडे गेला की अलार्म वाजतो. सगळी मशीनं यूटीसीवर आहेत. ऑपरेटरच्या स्क्रीनवर तेवढे साडेपाच तास मिळवून दाखवतो.