झोपाळ्याखालची जागा

रजेवर आडुतुरैला सासुरवाडीत होतो. घर तंजावरी मराठी कुटुंबाचं, जमीन लाल ऑक्साइडची, मळलेली. शिलाँगला क्वार्टरची लाकडी जमीन मीच घासून पॉलिश केली होती, आत्मविश्वास दांडगा! पॉलिश पेपर घेऊन कोपऱ्यात बसलो. लाकडाखाली लाकूडच निघतं. इथे लाल थर जेमतेम काही मिलिमीटरचा. दहा मिनिटांत राखाडी सिमेंट दिसलं.

तसाच राखाडी पट्टा झोपाळ्याखाली होता. तो बुजवायला ऑक्साइड कालवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ते यांच्या पायांनी झिजलंय. राहू द्या."

कोपरा बुजवला. बाकीची जमीन साबणाने धुतली, वाळल्यावर खोबरेल चोळून फडक्याने चमकवली. एनडीएत बूट चमकवलेले हात कामी आले. झोपाळ्याखाली मात्र फक्त ओलं फडकं फिरवलं.