अठ्ठेचाळीस की नलवत्तेंटु?

कोल्हापूरहून बेळगावला येताना कोगनोळी मागे पडली की गाड्यांच्या पाट्या बदलू लागतात. एमएच ०९ कमी होतात, केए २३ आणि केए २२ वाढतात. रस्ता मात्र तोच. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हा चारचा अठ्ठेचाळीस झाला. जुन्यांच्या तोंडी अजून ‘एन. एच. फोर’च आहे.

या अठ्ठेचाळीसनेच आमच्या भागातल्या घरोघरच्या मुलांना घोळात घातले आहे. आजी फोन नंबर सांगताना ‘अठ्ठेचाळीस’ म्हणते आणि नातू ८४ लिहून मोकळा होतो. त्याला काय बोलणार? शाळेत तो ‘नलवत्तेंटु’ शिकतो, म्हणजे चाळीस आधी, आठ मागून. मराठीत आठ आधी तोंडात येतो, आणि लिहायचा मात्र शेवटी. त्यात एकोणपन्नास म्हणजे नऊचा पत्ताच नाही, पन्नासातून एक काढा! कन्नडमध्ये सरळ ‘नलवत्तोंबत्तु’. मराठी घरात वाढलो तरी सांगतो, मोजायला शिकावे ते कन्नडमध्येच.

अर्ध्या-पावाचेही तसेच. ‘एरडूवरे’ म्हटले की दोन आणि अर्धा दोन्ही ऐकू येतात. ‘अडीच’मध्ये दोन कुठे आहे ते शोधून दाखवा. पण याच दीड-अडीचवर आमच्या वडीलधाऱ्यांनी पावकी, निमकी, दिडकी पाठ केली आणि कागद न घेता हिशेब केले. ते पाढे आता कोणी म्हणत नाही. घरात एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांतला फरक विचारला, तर मुले इंग्रजीत उत्तर देतात. मला त्याचे वाईट वाटते. पाढे गेले ते गेले, निदान आकडे तरी राहावेत.

ते राहिलेले ऐकायचे असतील तर संध्याकाळी गणपत गल्लीत जावे. भाजीवाली एका गिऱ्हाइकाला ‘पंचवीस’ सांगते, श्वास न घेता दुसऱ्याला ‘इप्पत्तैदु’. शाळेत कुठवर गेली कोण जाणे, पण दोन्ही मोजण्या तिच्या जिभेवर. हल्ली टोपलीशेजारी पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारा डबा असतो. त्याला एकच भाषा लावलेली.

परवा मी पैसे पाठवले. डबा ‘इप्पत्तैदु रूपायि’ म्हणाला. शेजारची म्हातारी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. भाजीवाली मिरच्या निवडता निवडता म्हणाली, ‘‘पंचवीस आले, मावशी. तुमचे अजून यायचेत.’’