दोनचा डोस

ग्रॅम जास्त तर गुण जास्त, असं माझं ठाम मत होतं. अंबरनाथ-बदलापूरहून उल्हासनगरच्या नर्सिंग होममध्ये पेशंट आणणारे नातेवाईकही तेच म्हणत, "सिस्टर, जरा हेवी अँटिबायोटिक लावा." मनातून मी त्यांच्याच बाजूची. वेळेचं फारसं काही वाटत नसे. दोनचा डोस चारला गेला तर बिघडलं कुठे, दिवसाचे तीन ग्रॅम अंगात गेले ना!

हे मत मोडलं मेरोपेनेमने. गंभीर संसर्गात मोठ्या माणसाला सहसा 1 ग्रॅम दर 8 तासांनी, मेंदूज्वरात 2 ग्रॅम. किडनी धडधाकट असेल तर हे औषध रक्तात तासाभरात निम्मं होतं, पुढच्या तासात त्याचंही निम्मं. चार तासांनी उरतो सोळावा हिस्सा. जंतू मारायला इथे भरमसाट पातळी लागत नाही, पुरेशी पातळी टिकावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या फिजिशियननी हा हिशेब केसपेपरच्या पाठीमागे मांडून दाखवला. म्हणजे दोनचा डोस चारला गेला, की आधीच मोकळं झालेलं रान जंतूंना आणखी दोन तास मोकळं.

पुढे त्यांनी सीरियस पेशंटला तोच एक ग्रॅम पाच मिनिटांत न देता तीन तासांत सोडायला सांगितलं. वायलमध्ये पाणी घालून पावडर विरेपर्यंत हलवायची, 100 मिलि सलाइनमध्ये टाकायची आणि 20 थेंबांच्या सेटवर मिनिटाला अकरा थेंब धरायचे. औषध तेवढंच. नातेवाईक मात्र कासावीस! आमची पाठ वळली की चाक फिरवून वेग वाढवणारे एक काका प्रत्येक वॉर्डात असतातच.

सगळीच औषधं अशी नाहीत. सेफ्ट्रियाक्सोन निम्मं व्हायला आठेक तास घेतं, त्यामुळे बहुतेक वेळा 1 ते 2 ग्रॅम दिवसातून एकदा पुरतं. अमिकासिनचं उलटच. किलोमागे 15 मिलिग्रॅम एकाच वेळी, कारण त्याला उंच पातळी लागते आणि मधली विश्रांती किडनीला मानवते.

क्रिएटिनिन वाढलेल्या पेशंटला पहिल्यापासून हात आखडावा, असंही मला वाटे. सीरियस माणसाला मेरोपेनेमचा पहिला डोस सहसा पूर्णच देतात, पुढचे कमी किंवा लांबवतात, हे पचायला मात्र वेळ लागला.

आता माझं भांडण ड्युटी चार्टशी आहे. दोनला शिफ्ट बदलते आणि डोसही नेमका तेव्हाच. पाच, एक, नऊ करा म्हणते, पण पहाटे पाचचं नाव काढलं की नाइटच्या पोरी डोळे वटारतात.