एरर १०४८

डीबीएमएस हा विषय आपल्या होस्टेलमध्ये दोन प्रकारे शिकला जातो. एक, सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याची फाईल समोर ठेवून. दोन, व्हायव्हाच्या दिवशी सकाळी लॅबबाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून. दोन्ही प्रकारांत टेबलं तीच, 'एम्प्लॉयी' आणि 'डिपार्टमेंट'. ओरॅकलच्या जुन्या सॅम्पलमधली ती १४ माणसं कितीतरी बॅचेसच्या फायलींत अजून नोकरी करताहेत. स्मिथ क्लार्क, किंग प्रेसिडेंट, किंगला पगार ५०००. ऑफिसं न्यूयॉर्क, डलास, शिकागो, बोस्टन! स्मिथचा पगार चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्याला ओळखतं कोण?

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं की डेटाबेस एकदा तरी स्वतःच्या मशीनवर टाकावा आणि त्यात ओळखीची माणसं भरावीत.

टाकणं अवघड नाही. आमच्या मानवतच्या घरी एक जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे, त्यावर उबंटू आहे. टर्मिनल उघडलं, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल मारियाडीबी-सर्व्हर' एवढी एक ओळ टाईप केली, आणि आईचा चहा होईपर्यंत सर्व्हर चालू झालेला होता. 'सुडो मारियाडीबी' म्हटलं की पासवर्ड न विचारता रूट म्हणून आत. पण रोजचं काम रूटने करायचं नसतं. आपल्या नावाचा एक युजर बनवायचा, एक डेटाबेस बनवायचा, त्या युजरला त्या डेटाबेसपुरते हक्क द्यायचे. लॅबमध्ये हे सगळं आधीच करून ठेवलेलं असतं, त्यामुळे ते असतं हेच आपल्याला कळत नाही. आणखी एक चांगली गोष्ट. उबंटूवर हा सर्व्हर सुरुवातीला फक्त आपल्याच मशीनचं ऐकतो, पोर्ट ३३०६ बाहेरच्यांना बंद. दुसऱ्यांचे पैशांचे आकडे ठेवायचे असतील तर ते बंदच राहू द्यावं.

आता नावाची गंमत. मायएसक्यूएल १९९५ मध्ये आलं. ते लिहिणारे मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव 'माय', त्यावरून ते नाव. २००८ मध्ये ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली, २०१० मध्ये सनला ओरॅकलने घेतलं. हे होत असतानाच २००९ मध्ये विडेनियस यांनी त्याच कोडवरून वेगळा डेटाबेस सुरू केला आणि त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं. मारिया! म्हणजे दोन्ही लेकींची नावं जगभरच्या सर्व्हरवर.

हे मला एवढं का आठवतंय, तर मी त्या मारियाडीबीत जी वही भरायला बसले होते तिच्यात बायकांची नावंच नव्हती.

वही काकांची, शेताच्या हिशोबाची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे 'उचल', 'खुरपणी', 'वेचणी', 'ठोक्याने' असल्या शब्दांसाठी दर पानाला आईला हाक मारावी लागली. उचल म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, ते नंतर मजुरीतून कापतात. हे कळल्यावर टेबलं ठरली. एक मजुरांचं, एक कामाचं, एक उचलीचं. मजुरांच्या टेबलात 'नाव' हा कॉलम मी पुस्तकात असतो तसा 'नॉट नल' ठेवला.

पहिल्या पानावर नोंद होती, "खुरपणी, बाया ९". बस्स. गड्यांची नावं आडनावासकट, बायांचा आकडा. मी नावाच्या जागी नल टाकून पाहिलं. लगेच उत्तर आलं, एरर १०४८. कॉलम 'नाव' कॅनॉट बी नल.

'नॉट नल' काढून टाकणं एका ओळीचं काम होतं. नाही काढलं. आईला विचारलं. तिने भाकरी थापता थापता सात जणी सांगितल्या, कोण कुणाच्या शेजारी राहते यासकट. उरलेल्या दोघींसाठी ती संध्याकाळी विचारून आली. नऊ ओळी भरल्या. ती नावं मी इथे छापत नाही, पण टेबलात आहेत.

पुढे कापसाची वेचणी आली. वेचणीचा हिशोब किलोवर असतो. दिवस मावळताना काट्यावर जिचं तिचं वजन होतं, म्हणून तिथे बायांची ओळख द्यावीच लागते. पण वहीत ती ओळख कशी? जिंतूरवाली, पालमवाली, वसमतवाली. माहेरचं गाव हेच नाव. मी वेचणीच्या टेबलात 'तारीख' आणि 'मजूर' मिळून प्रायमरी की केली होती, कारण एका बाईचं एका दिवसाचं वजन एकदाच होणार. तर एका तारखेला 'वसमतवाली' ३८ किलो गेली आणि पुढचीच ओळ 'वसमतवाली' ४१ किलो अडकली. एरर १०६२, डुप्लिकेट एंट्री.

आई म्हणाली, "अगं, एक कुठली? दोघी हायेत त्या. सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या. आता चुली वेगळ्या झाल्या."

काकांना तोंडी सगळं माहीत होतं, पण वहीत दोघींच्या किलोंची बेरीज एकाच नावाखाली चालली होती, आणि उचल मात्र फक्त धाकटीने घेतलेली. हिशोब संक्रांतीला व्हायचा होता म्हणून बरं. थोरलीला १ आणि धाकटीला २ असा नंबर दिला, काकांना शेजारी बसवून कुठलं वजन कुणाचं ते एकेक करून लावलं. संक्रांतीला दोघींचे पैसे दोघींच्या हातात वेगवेगळे गेले.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलचा पेपर लिहिला. प्रत्येक ओळ वेगळी ओळखता आली पाहिजे, हे त्यातलं तत्त्व आपण व्हायव्हात पोपटासारखं म्हणतो. मला ते त्या ४१ किलोंनी शिकवलं.

नॉर्मलायझेशनही त्याच दोघींकडून शिका. थोरलीचं लग्न झालं तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत तिकडे गेलं. धाकटीचं लग्न त्यानंतरचं. म्हणजे दोघींचं माहेर एक, कागदावर जिल्हे दोन! मजुराच्या ओळीतच जिल्हा लिहून ठेवला तर अशा वेळी सगळ्या ओळी शोधत बसा. तालुक्याचं टेबल वेगळं ठेवलं आणि जिल्हा फक्त तिथे लिहिला, तर वसमतची एक ओळ बदलली की काम संपलं.

आणि लाईट! आमच्याकडे ती जायला कारण लागत नाही. एकदा नोंदी भरताना गेली, यूपीएस नाही. मशीन परत चालू केल्यावर कमिट केलेल्या नोंदी सगळ्या जागेवर होत्या, अर्धवट ट्रान्झॅक्शन मात्र गायब. इनोडीबी बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि उठल्यावर तो लॉग वाचून घर आवरतो. 'ॲसिड प्रॉपर्टीज' यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिण्यापेक्षा हे एकदा डोळ्यांनी बघावं. तरी हार्डडिस्कच गेली तर लॉग काही करू शकत नाही, म्हणून रविवारी डम्प काढून पेनड्राइव्हवर ठेवायचा.

काका अजूनही वहीच लिहितात आणि मी त्यांना लिहू नका म्हणणार नाही. शेतात कॉम्प्युटर नेता येत नाही. पण आता खुरपणीच्या पानावर नऊ बाया नावाने असतात, कारण सुट्टीत मी आले की पुन्हा विचारणार हे त्यांना माहीत आहे.

तेव्हा येत्या सुट्टीत मेसचा हिशोब घ्या, घरच्या दुकानाची उधारी घ्या, भिशी घ्या. काहीही चालेल, फक्त माणसं खरी असू द्या. एरर आली की ती बंद कशी करायची हे शोधण्याआधी ती काय विचारतेय ते वाचा. आणि त्या बिचाऱ्या स्मिथला थोडे दिवस सुट्टी द्या!