नकाराचा आकडा

स्पष्ट 'नाही' म्हणणे आपल्या मध्यमवर्गीय घरांत सहसा कुणाला जमत नाही. मुलगी पसंत नसली तर आपण 'पत्रिका जुळत नाही' म्हणतो. उसने पैसे द्यायचे नसले तर 'पहिल्या तारखेनंतर बघू' म्हणतो. आणि एखाद्याच्या व्याख्यानाला जायचे नसले तर 'जमवतो, जमवतो' असे दोनदा म्हणतो. ऐकणाराही या भाषेत मुरलेला असतो, म्हणून कुणाचे फारसे अडत नाही. पण ज्याला शब्दांमागचा सूर कळत नाही अशाशी गाठ पडली म्हणजे मोठी पंचाईत होते. मी संगणकाबद्दल बोलते आहे.

मी मराठीची प्राध्यापिका. पंचेचाळिशीत मला पायथन नावाची, संगणकाला कामे सांगायची भाषा शिकावी लागली, आणि तीही माझ्या भाच्याकडून! कारण असे झाले की, जुनी मराठी मासिके आणि दुर्मिळ पुस्तके इंटरनेटवर कुठे कुठे वाचायला मिळतात याची एक यादी आमच्या विभागाने केली आहे. पत्ते चारशेच्या आसपास. हे पत्ते भाडेकरूंसारखे; आज इथे आहेत, उद्या नाहीत. दर सत्राच्या आरंभी चारशे दारे ठोठावून कोण घरात आहे ते पाहायचे कुणी?

"मावशी, अगं हे माणसाचं कामच नाही," भाचा म्हणाला. "प्रोग्रॅम आकडा विचारून येईल."

आकडा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. आपण एखादा पत्ता उघडतो तेव्हा पानाच्या पुढे चालत पलीकडून एक तीन आकडी संख्या येते. ती आपल्याला सहसा दिसत नाही. यंत्रे आपापसांत बोलून घेतात. २०० म्हणजे 'घ्या, मागितलेत ते हे.' ३०१ म्हणजे 'बिऱ्हाड कायमचे हलले, नवा पत्ता हा'. ३०२ म्हणजे 'तूर्त बहिणीकडे उतरले आहेत.' ४०१ म्हणजे 'आपण कोण?' आणि ४०३ म्हणजे 'कोणीही असा, आत घेता येत नाही.' ४०४ तर पोराटोरांनाही ठाऊक आहे: 'सापडत नाही.' पण मला त्याच्याहून ४१० अधिक आवडला. 'होते, पण आता नाही, आणि परत येण्याची आशा धरू नका' एवढा सगळा अर्थ त्या तीन आकड्यांत आहे. आपल्याकडे यासाठी कैलासवासी असा शब्द आहे.

यांतला पहिला आकडा आडनावासारखा असतो. दोनने सुरू झाले की काम झाले. तीनने झाले की दुसरीकडे जा. चारने झाले की मागण्यात तुमचे काही चुकले. आणि पाचने झाले की चूक आमची. 'चूक आमची' असे सांगण्यासाठी एक अख्खे घराणे राखून ठेवणारी दुसरी कोणतीही कचेरी मी आजवर पाहिलेली नाही.

ही शिस्त आरंभापासून नव्हती बरे का! टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेबची पहिली घडी बसवली, तेव्हाच्या १९९१ च्या नियमांत आकडा नव्हताच. मागितलेले मिळाले तरी पानच यायचे, आणि नाही मिळाले तरी 'मिळाले नाही' असे लिहिलेले पानच यायचे. मजकूर वाचल्याशिवाय होकार कोणता आणि नकार कोणता हे ओळखायची सोय नव्हती, आणि वाचून समजणे तर यंत्राला येत नव्हते. पुढे आकडे आले, आणि १९९६ साली एचटीटीपीच्या १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात ते रीतसर नोंदले गेले. कल्पना मात्र जुनीच. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली संगणकावरच्या टपालाचे नियम लिहिले, त्यांतही तीन आकडी उत्तरे आणि पहिल्या आकड्यावरून जातकुळी ओळखण्याची हीच रीत आहे.

आता हे आकडे प्रोग्रॅमच्या भाषेत मांडायचे कसे? नुसते ४०४ लिहिले तरी चालते. पण सहा महिन्यांनी तोच प्रोग्रॅम वाचताना ४१० म्हणजे काय ते आठवत नाही. म्हणून पायथनमध्ये २०१५ पासून एक छोटा कोशच दिला आहे. त्याचे नाव एचटीटीपी-स्टेटस. त्यात प्रत्येक आकड्याला नाव आहे, आणि नावापुढे अर्थही आहे. गंमत अशी की, नाव आणि आकडा तिथे एकच मानले जातात. 'नॉट फाउंड' आणि ४०४ समान आहेत का असे विचारले तर 'हो' असे उत्तर येते. अमरकोश पाठ केलेल्या माणसाला हे पाहून आनंद व्हावा.

पण कोश म्हटला की कोशाचे दुखणेही आलेच. ४५१ हा आकडा पाहा. 'कायद्याच्या कारणाने हे पान दाखवता येत नाही' असा त्याचा अर्थ. तो रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या, पुस्तके जाळणाऱ्या राजवटीवरच्या कादंबरीच्या नावावरून घेतलेला. (आकड्यांच्या शास्त्रात कुणाला तरी कादंबरी आठवली, याचे मला फार बरे वाटले.) त्याचा दस्तऐवज २०१६ साली प्रसिद्ध झाला, पायथनच्या कोशात तो आला २०१९ साली, ३.८ या आवृत्तीत. मधल्या काळात कोशाला ४५१ विचारले असते तर 'असा शब्दच नाही' म्हणून त्याने हात वर केले असते आणि प्रोग्रॅम जागीच थांबला असता. मूळ नियम मात्र अधिक शहाणा आहे. तो सांगतो, आकडा अनोळखी असला तरी पहिला अंक पाहा, आणि त्या घराण्याच्या थोरल्याला, म्हणजे ४०० ला, जसे वागवता तसे त्याला वागवा. शब्द कोशात नसला तरी प्रत्ययावरून अर्थ लागतोच की! मी भाच्याला सांगून प्रोग्रॅममध्ये आधी व्याकरण आणि मग कोश असा क्रम ठेवला.

दुसरा वाद मात्र आमचा दोन संध्याकाळी चालला. नकार हे उत्तर समजायचे की संकट? पायथनमध्ये पान आणायची जी घरची सोय आहे, तिला ४०४ मिळाला की ती 'अपवाद' उभा करते. तो झेलण्याची व्यवस्था केली नसेल तर सगळे काम तिथेच ठप्प. 'रिक्वेस्ट्स' नावाची लोकप्रिय जोडणी याउलट शांत असते. ४०४ आला तर निमूट आणून देते, आणि बोंब ठोकायची असेल तर तुम्ही वेगळे सांगा म्हणते. भाच्याचा कल पहिलीकडे. "चुकलं तर ओरडायलाच हवं, नाहीतर लक्षातच येत नाही," असे त्याचे म्हणणे. मला ते पटले नाही. कोण घरात नाही हे विचारायलाच जी निघाली आहे, तिने 'नाही' ऐकून किंचाळायचे कशाला? दार ठोठावून कुणी ओच दिली नाही, तर गोष्ट निराळी. तिथे आकडाच येत नाही, आणि तो खरा अपवाद. शेवटी माझ्या मताप्रमाणे झाले. वयाचा काही उपयोग असतोच.

प्रोग्रॅम छान चालला. ४०४ चा एक गठ्ठा, ३०१ चा एक, २०० चा मोठा. आणि जानेवारीत आमच्या एम.ए.च्या वर्गातली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, ते अंक तीन आठवडे झाले उघडत नाहीत."

ती एका बंद पडलेल्या मासिकावर लघुप्रबंध लिहीत होती. एका संस्थेने त्याचे सदतीस अंक इंटरनेटवर ठेवले होते, आणि आमच्या यादीत त्या सदतीसही पत्त्यांपुढे २०० होते. मी एक उघडला. पानावर फुलांची नक्षी, समई, आणि खाली, 'क्षमस्व! हे पान सध्या उपलब्ध नाही. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' ती बिचारी रोज रात्री थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करीत होती. मी फोन केला तेव्हा कळले की ते अंक काढून टाकल्याला वर्ष उलटून गेले होते. म्हणजे आकडा म्हणत होता 'घ्या', मजकूर म्हणत होता 'पहिल्या तारखेनंतर बघू', आणि खरे उत्तर होते ४१०.

या प्रकाराला भाच्याच्या धंद्यात 'सॉफ्ट ४०४' म्हणतात. मला मात्र तो १९९१ सालात परत गेलेला माणूस वाटतो. आकडा देण्याची सोय हाताशी असताना तो नकार नक्षीत गुंडाळून देतो, आणि वर होकाराचा शिक्का मारतो. मुलगी मग गावातल्या जुन्या वाचनालयात गेली. तिथे अकरा अंक मिळाले. मार्चअखेर लघुप्रबंध द्यायचा होता. दहा वर्षांचा आढावा घेणारे तिचे तिसरे प्रकरण चार वर्षांवर आले. ते तीन आठवडे हाताशी असते तर ती पुण्यामुंबईची ग्रंथालये पालथी घालून आली असती.

"यावर उपाय काय?" मी भाच्याला विचारले.

"जे नक्की नाही ते मागायचं, मावशी," तो म्हणाला. "जो त्यालाही 'आहे' म्हणेल, त्याचा होकार धरायचा नाही."

तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी खरे पत्ते विचारण्याआधी आमचा प्रोग्रॅम 'खटपटनंदनचरित्र' नावाचे पान मागतो. असे पुस्तक मराठीत नाही. ते नाव मीच योजले. नऊ संस्थांपैकी सहांनी सरळ ४०४ सांगितले. तिघांनी २०० म्हटले, आणि त्यांतल्या एकाने तर वर दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. त्या तिघांचे नव्वदेक पत्ते आता आम्ही यंत्रावर सोपवीत नाही. दर शनिवारी दुपारी मी आणि दोन विद्यार्थिनी ते एकेक करून डोळ्यांनी वाचतो.