नाशिक, तिच्या नावानं

नाशिकचा वीकेंड प्लॅन आता सगळ्यांना पाठ आहे. शनिवारी सकाळी मिसळ, दुपारी वायनरी, संध्याकाळी गोदाघाट आणि रविवारी जमलंच तर त्र्यंबकेश्वर. फोटो अपलोड केले की विषय संपला. या वेळी जरा वेगळा रूट सांगते. एक दिवस पुरतो. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, नसेल तर रिक्षावाल्याशी आधीच भाव ठरवून घ्या. या रूटवरच्या जागा एकाच धाग्यात बांधल्यात, तो म्हणजे बाईचं नाव. ते कोण ठेवतं, कोण बदलतं आणि कुठे छापलं जातं?

विषय जुनाट वाटतोय? तुमच्या ऑफिसात नुकतंच लग्न झालेल्या मुलीला विचारून बघा. ईमेल आयडी, पॅन कार्ड, पासपोर्ट, बँक खातं... ‘मग, नाव बदलणार का?’ हे तिला एचआरपासून मावससासूबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालेलं असतं. तिला स्वतःला काय वाटतं, हे विचारणारे त्या मानानं कमी.

स्टॉप पहिला : जलालपूर

गंगापूर धरणाच्या दिशेनं निघालं की गोदाकाठी जलालपूर लागतं. मी रिक्षावाल्या काकांना नाव सांगितलं तर ते म्हणाले, ‘तिथं काय बघायचंय?’ खरंय, तिकीट काढून बघण्यासारखं काही नाही. पण १८६८ साली इथे गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, घरात सगळे म्हणत मनू. आजोळच्या आजोबांना १८५७च्या बंडात फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचं सोवळं इतकं वाढलं, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. शाळेचं नावच नको.

अकराव्या वर्षी मनूचं लग्न झालं. नवरा नारायण, म्हणून बायको लक्ष्मी. तिचं मत विचारायचा प्रश्नच नव्हता. नवरा म्हणजे पुढे ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले नारायण वामन टिळक. माणूस हुशार, दिलदार आणि कमालीचा लहरी. कधी घर सोडून जातील, कधी घरातली वस्तू कुणाला देऊन टाकतील, काही नेम नाही. पण बायकोला लिहायला-वाचायला शिकवलं तेही त्यांनीच.

ही मनू म्हणजेच ‘स्मृतिचित्रे’वाल्या लक्ष्मीबाई टिळक.

स्टॉप दुसरा : शरणपूर रोड

आता शहरात परत या. शरणपूर रोडवर आज बँका, शोरूम्स, कॉफी शॉप्स आणि कायमचा ट्रॅफिक. पण हे नाव ज्या शरणपूरवरून आलं, ती एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही इथे आसरा मिळाला होता. आपलं गाव आणि नाव मागे टाकून आलेल्या माणसांची ही जागा.

१८९५च्या फेब्रुवारीत टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना न विचारता. पदरात लहान मुलगा, नवरा धर्माबाहेर गेलेला, आणि नातेवाईक म्हणणार, विसर आता त्याला. त्या काळच्या बाईपुढे दोनच दरवाजे होते. नवऱ्यामागोमाग जायचं, नाहीतर नवरा जिवंत असून नसल्यासारखं जगायचं.

लक्ष्मीबाईंनी तिसरा दरवाजा पाडला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग अहमदनगरला टिळकांजवळ आल्या, पण स्वतःचं सोवळं घेऊनच. धर्म त्यांचा, चूल माझी! मात्र त्यांचं डोकं थांबलेलं नव्हतं. जात माणसानं केली की देवानं, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. एक दिवस उत्तर पक्कं झालं आणि त्यांनी सोवळंओवळं सोडलं. आता कुणाच्याही हातचं पाणी चालेल. बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा, १९०० सालचा. नवऱ्याच्या निर्णयापाठोपाठ पाच वर्षांनी घेतलेला, पण पूर्णपणे स्वतःचा.

मला त्यांची ही पाच वर्षं फार आवडतात. स्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दार आपटून निघून जाणारी बाई येते. सिनेमांनी ती सवय लावली. इथली बाई दार आपटत नाही. ती दारात बसते, विचार करते, भांडते, हसते आणि स्वतःच्या वेळेला आत येते. लवकर ये म्हणून कुणी ओढलं तरी येत नाही.

टिळक १९१९ साली गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. ज्या बाईला अक्षरओळख नवऱ्यानं करून दिली, तिनंच त्याचं पुस्तक पुढे नेलं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. १९३६ साली नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. मुखपृष्ठावर नाव लग्नात मिळालेलंच, लक्ष्मीबाई टिळक. पण पुस्तक वाचताना ‘टिळकांची बायको’ भेटत नाही. भेटते ती स्वतःवर आणि नवऱ्यावर सारख्याच मोकळेपणानं हसणारी बाई. म्हणजे आडनाव बदललं की ओळख गेली, एवढं ते सोपं नाही. आणि ठेवलं की राहिली, एवढंही सोपं नाही.

स्टॉप तिसरा : काळाराम

गोदावरी ओलांडून पंचवटीत जा. काळाराम मंदिराचा काळा दगड उन्हात सुंदर दिसतो, पण आधी दरवाजे बघा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. या दरवाजांवर ठाण मांडणाऱ्यांत बायकाही होत्या. लक्ष्मीबाईंना जात सोडायची होती. या बायकांना जातीनं बंद केलेलं दार उघडायचं होतं. दोन वेगळ्या लढाया, आणि दुसरी कितीतरी जास्त महाग.

यातल्या किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत? पुढाऱ्यांची नावं इतिहासात गेली, बायका ‘महिलांचाही सहभाग होता’ या एका ओळीत मावल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. शीर्षकातला ‘ही’ नीट वाचा. सगळी तक्रार त्या एका अक्षरात आहे.

स्टॉप चौथा : फाळके स्मारक

परतीला मुंबई हायवेवर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. पहिल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, १९१३ साली, राणी तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं होतं, कारण कॅमेऱ्यापुढे यायला बाई मिळेना. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी त्यांची लेक कमला.

दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहून मुलीला वाढवत होत्या. पोटासाठी नाटक आणि मग सिनेमा. चांगल्या घरच्या बायकांनी ज्या कामाकडे बघायचंही नाही, ते काम. लेक तेव्हा ओळखली गेली कमला कामत म्हणून, आईच्या आडनावानं! पुढे लग्नानंतर त्या कमलाबाई गोखले झाल्या. अभिनेते चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या बायका म्हणून या मायलेकींचं नाव घेतलं जातं. त्यांचा सिनेमा नाशिकचा, हे मात्र नाशिककरांनाही सांगावं लागतं.

माझ्या एका मैत्रिणीनं लग्नानंतर वर्षभर नाव बदललं नाही, मग बदललं. ‘हरलीस ना?’ असं आम्ही चिडवलं. ती म्हणाली, ‘वर्षभर विचार केला आणि मग माझं मी ठरवलं. तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?’ कुणाकडेच उत्तर नव्हतं. तिनं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेलं नाही, पण लक्ष्मीबाईंना ती नक्की आवडली असती.

जाता जाता एकच टीप. नाशिकहून चिवडा आणि मनुका आणालच, सोबत ‘स्मृतिचित्रे’ही घ्या. मराठी वाचायचा कंटाळा असेल तर शांता गोखले यांचा २०१७ सालचा इंग्रजी अनुवाद आहे. कसारा घाटात रेंज जाते, तेव्हा उघडा. आणि पुस्तक आवडलं तर पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहा. जे तुम्हाला लिहावंसं वाटेल ते.