दोन्हीकडचा माणूस

वाशिमात कोण घर विकतोय हे कळायला दलाल लागत नाही. पाटणी चौकात उभ्याने एक चहा घेतला तरी कळतं. गुरुजी निवृत्त झाले, पोराने पुण्यात फ्लॅट बुक केला, अमक्याच्या घरी भावाभावांची वाटणी सुरू आहे, एवढ्यावरून लोक अंदाज बांधतात आणि तो बहुतेक वेळा खरा निघतो. तरी माझं दुकान चालतं. गिऱ्हाईक शोधणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम इसार आणि खरेदीखत यांच्या मधल्या दोन-तीन महिन्यांत असतं, आणि तेच काम गिऱ्हाइकाला दिसत नाही.

आमचा हंगाम सोयाबीनच्या मागे चालतो. पितृपक्षात फोन वाजत नाही. दसऱ्याला बोलणी सुरू होतात आणि माल बाजार समितीत गेला की इसाराची भाषा निघते. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने क्विंटलला 5,328 रुपये हमीभाव जाहीर केला होता. पण प्रत्यक्ष हातात काय पडतं, त्यावर रिसोड-मालेगावचा शेतकरी पोरांच्या शिक्षणासाठी वाशिमात प्लॉट घेतो की आणखी एक वर्ष भाड्याच्या खोलीत काढतो, हे ठरतं. फ्लॅट इथे अजून कमीच. माणसाला प्लॉट हवा, त्यावर बोअर हवी आणि पुढेमागे एक मजला चढवता यायला हवा.

जुन्या पेठेतलं घर निघालं की मी आधी भिंती पाहत नाही, वारस मोजतो. घर आजोबांच्या नावावर, घरपट्टी मोठ्या काकांच्या नावावर, राहतो धाकटा आणि विकायला निघालाय मधला. अशा घरात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “ताईला कशाला विचारता भाऊ? तिला लग्नात दिलं ना सगळं.” लग्नात काय दिलं याचा कायद्याशी संबंध नाही. बापाच्या स्वकमाईच्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी 1956 पासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने तिला मुलाइतकाच जन्माने हक्क दिला. ‘बाबा तर त्याआधीच गेले’ ही पळवाटही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा खटल्यात बंद केली. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदवलेली वाटणी असेल तर गोष्ट वेगळी. पण तोंडी वाटणीच्या गोष्टी सांगणारेच जास्त.

म्हणून मी पहिली फेरी भावांच्या बैठकीत मारत नाही, बहिणीच्या सासरी मारतो. पुसद, हिंगोली, कधी थेट नाशिक. भावांना वाटतं साडीचोळीत भागेल. मी तिच्यासमोर घराचा चालू भाव आणि तिच्या हिश्शाचा आकडा मांडतो. ती हक्कसोडपत्र देणार असेल तर ते नोंदवूनच घ्यावं लागतं, साध्या कागदावरची संमती उपयोगाची नाही. नाहीतर तिने खरेदीखतावर विकणारी म्हणूनच सही करावी आणि आपला चेक न्यावा. मला हा दुसरा रस्ता आवडतो. भाऊ माझ्यावर चिडतात, हे खरं. पण तिची सही राहिली तर पाच वर्षांनी वाटणीचा दावा घेणाऱ्याच्या दारात येतो. तेव्हा पैसे घेऊन गेलेला भाऊ पुण्यात असतो.

दुसरा घोळ प्लॉटचा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला आणि कारंजा, शेलुबाजार, मालेगावकडच्या शेतांमध्ये चुन्याच्या रेघा दिसू लागल्या. ‘महामार्गापासून पाच मिनिटं’ असं फलकावर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती शेताचा लेआउट मंजूर करायला. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनुसार जिरायत जमिनीचं किमान क्षेत्र 20 गुंठे, बागायतीचं 10. तीस बाय पन्नासचा प्लॉट दीड गुंठ्याच्या आत बसतो. सरकारने जुन्या तुकड्यांसाठी अलीकडे सवलती आणल्या आहेत, पण त्या जुन्यांसाठी. आज पाडलेल्या रेघांना त्यांचा आधार घेता येत नाही. मग असे तुकडे बाँडवर विकले जातात. पूर्वी शंभराचा बाँड असायचा, आता पाचशेचा, त्यावर नोटरीचा गोल शिक्का. शिक्का मोठा असला की माणसाला धीर येतो. मालकी मात्र नोंदवलेल्या खरेदीखतानेच बदलते, आणि हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे.

500 चौरस मीटरहून मोठ्या जागेवरचा नवा लेआउट महारेरात नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. एका एकरातच 4,047 चौरस मीटर असतात, तेव्हा पळवाटेला फारशी जागा नाही. तिथे प्लॉट विकून देणारा एजंटही नोंदणीकृत लागतो, आता त्याला प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. पण जुनं घर किंवा दुसऱ्याने विकायला काढलेला प्लॉट यांच्या दलालाला महारेराची नोंदणी लागत नाही. आमच्याकडचे बहुतेक सौदे याच प्रकारचे. म्हणजे पाटीवर महारेराचा क्रमांक असला तरी तुमच्या जुन्या घराच्या व्यवहारात तो क्रमांक तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

आता दलालीबद्दल. ती लपवण्यासारखी गोष्ट नाही, पण आमच्यातले बरेच जण लपवतात. मी घेणाऱ्याकडून एक टक्का घेतो, विकणाऱ्याकडून एक टक्का, आणि दोघांना एकमेकांचा आकडा सांगतो. दोघांकडून पैसे घेणारा माणूस किमतीच्या बाबतीत कोणाच्याच बाजूचा नसतो. माझ्याकडून घासाघीस करून घ्यायची अपेक्षा ठेवू नका, असंही मी सुरुवातीलाच सांगतो. ‘मला बावीस लाख द्या, वरचे तुमचे’ असं म्हणणारा मालक आला की मी हात जोडतो. त्या क्षणापासून दलाल कोणाचाच राहत नाही, स्वतःचाच होतो. याहून वाईट प्रकार म्हणजे आपल्याच माणसाच्या नावाने इसार करायचा, मुदत सहा महिन्यांची घ्यायची आणि तोच सौदा पुढे चढ्या भावाने फिरवायचा. मालकाला न कळवता दलालाने असा नफा काढला तर तो मागून घेण्याचा अधिकार 1872 च्या करार कायद्याने मालकाला दिला आहे. वाशिमात कोणी तो वापरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. लोक चौकात शिव्या देतात आणि गप्प बसतात.

इसार रोखीने देऊ नका, हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम मिळकतीच्या व्यवहारात रोख घेतली तर तेवढाच दंड रोख घेणाऱ्या विक्रेत्याला होऊ शकतो. शिवाय खात्यातून गेलेला पैसा नाकारता येत नाही, पावती मात्र हरवते. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. तेवढ्यासाठी का होईना, गेल्या चार-पाच वर्षांत मालकीण म्हणून सह्या करणाऱ्या बायका दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दिसू लागल्या. काहींना तिथे पोहोचल्यावर कळतं की घर आपल्या नावावर होतंय.

खरेदी झाली, पेढे वाटले, आणि बहुतेकांच्या लेखी विषय संपला. मिळकतीच्या नोंदीत जुनंच नाव, नगर परिषदेच्या घरपट्टीवर जुनंच नाव, विजेचं मीटर तर कधी कधी मेलेल्या माणसाच्या नावावर. सात-बाऱ्याच्या फेरफारात हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. ती कोणाला मिळाली, कोणी हरकत घेतली का, हे बघायला कोणालातरी खेटे घालावे लागतात. म्हणून दलालीचे एक चतुर्थांश पैसे मी नोंद बदलल्यावरच घेतो. गिऱ्हाइकांना ही अट फार आवडते. त्यातले काही हप्ते अजून यायचे आहेत.